जिथे पाणी राबत होतं

इंग्लंडमधल्या क्रॅगसाइड नावाच्या जुन्या घराच्या लायब्ररीत चार दिवे आहेत. मुळात त्या तांब्यावर रंगीत मीनाकाम केलेल्या फुलदाण्या. वर काचेचे गोल बसवले आणि त्यांचे दिवे झाले. 1880 साली ते पहिल्यांदा लागले तेव्हा त्यांना बटण नव्हतं. फुलदाणीच्या बुडाला एक भोक, त्यातून वरच्या दिव्यापर्यंत नेलेली तार, आणि त्या तारेचं खालचं टोक उघडं. फुलदाणी जिथे ठेवायची त्या बैठकीच्या मधोमध पाऱ्याची इवलीशी वाटी. फुलदाणी जागेवर ठेवली की तारेचं टोक पाऱ्यात बुडायचं, वीज तारेतून वर चढायची आणि फुलदाणीच्याच तांब्यातून खाली परत यायची. दिवा लागायचा. फुलदाणी उचलली की दिवा जायचा.

ही युक्ती घराच्या मालकाची, विल्यम आर्मस्ट्राँगची. जानेवारी 1881 मध्ये त्याने इंजिनिअर लोकांच्या एका साप्ताहिकाला पत्र लिहून आपल्या घरातल्या दिव्यांचा सगळा हिशेब दिला होता. घरात एकूण 45 दिवे. त्यांतले 20 चित्रांच्या दालनात आणि या चार फुलदाण्या धरून आठ लायब्ररीत. एका खोलीतले मालवून दुसरीकडचे लावता यायचे, म्हणून एका वेळी 37 पेक्षा जास्त दिवे लागायचे नाहीत. वीज कुठून? घरापासून 1500 यार्डांवर, म्हणजे दीडएक किलोमीटरवर, ओढ्याचं पाणी 29 फूट खाली पाडून त्यावर एक टर्बाइन फिरवलेलं. पत्रात त्याने आवर्जून एक गोष्ट नोंदवली आहे: या सगळ्यात काहीही जळत नाही, काहीही खर्ची पडत नाही. हे विजेचे गोळे करणारा जोसेफ स्वान न्यूकॅसलचाच, आर्मस्ट्राँगचा स्नेही. त्याच्या दिव्यांनी उजळलेलं हे अगदी सुरुवातीचं घर, आणि जलविजेवर उजळलेलं जगातलं पहिलं घर म्हणूनही याचंच नाव घेतलं जातं.

मी त्या दिव्यांसमोर बराच वेळ उभी राहिले. मागून येणारी माणसं दोरीच्या कडेकडेने पुढे सरकत होती. भाची म्हणाली, "आत्या, अजून अख्खं घर बघायचंय." ती न्यूकॅसलच्या एका हॉस्पिटलात काम करते, सुट्टीच्या दिवशी मला घेऊन आली होती. तिला वाटलं मी नक्षी बघतेय. मी मनात वेगळाच हिशेब मांडत होते.

माझं माहेर साताऱ्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात. आमच्या लहानपणी पाणी हे घरातलं सगळ्यात मोठं काम होतं. स्वयंपाक त्यानंतर, धुणंभांडी त्यानंतर. आड आटला की आई आणि काकू पहाटे अंधारात विहिरीवर जायच्या. वर ओढलेला पोहरा अर्धा चिखलाचा असायचा, तो निवळायला ठेवायचा, मग फडक्यातून गाळायचा. शेंदताना सोल हाताला कापायचा. माझ्या आईच्या तळव्यावर त्या दोराची वळं शेवटपर्यंत होती. पाण्यासाठी बाई राबते, हे आमच्याकडे इतकं ठरलेलं होतं की त्याला कोणी कष्ट म्हणायचंच नाही. आणि इथे, दीडशे वर्षांपूर्वी, कोणीतरी असं घर बांधलं होतं जिथे पाणीच राबत होतं.

क्रॅगसाइड इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थंबरलंडमध्ये, रॉथबरी गावाजवळ आहे. न्यूकॅसलपासून साधारण पन्नास किलोमीटर. रॉथबरीला आर्मस्ट्राँग पोरवयात यायचा, कारण त्याला सतत खोकला असे आणि इथली हवा चांगली मानली जाई. कॉकेट नदीत मासे धरायचे, पाण्याकडे बघत बसायचं. बापाने त्याला वकील केलं आणि तो कितीतरी वर्षं वकिलीही करत होता. पण पाण्याने त्याला सोडलं नाही. 1835 मध्ये त्याचं लग्न झालं, आणि त्याच सुमाराला यॉर्कशरच्या डेंटडेल खोऱ्यात मासे धरायला गेला असताना त्याने संगमरवर कापणाऱ्या गिरणीचं पाणचक्र पाहिलं. चाक फिरत होतं खरं, पण पडणाऱ्या पाण्यातला फार थोडा जोर त्या चाकाला मिळत होता, बाकीचा वाया. तिथून जे डोक्यात शिरलं त्यातून पुढे पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन झाली. 1846 मध्ये न्यूकॅसलच्या धक्क्यावर ती जहाजांतला माल उतरवू लागली. 1847 मध्ये वकिली सोडून त्याने टाइन नदीच्या काठी एल्सविकला कारखाना काढला. लंडनच्या टॉवर ब्रिजचे पूल उचलणारी पाण्याच्या दाबाची यंत्रणा त्याच्याच कारखान्याची. न्यूकॅसलचा आडवा फिरणारा पूलही, 1876 चा.

पैसा आल्यावर त्याने लहानपणीच्या त्या दरीत अधूनमधून येऊन राहण्यापुरतं छोटं घर बांधलं, 1863 च्या सुमाराला. मग 1869 पासून रिचर्ड नॉर्मन शॉ या वास्तुशास्त्रज्ञाने त्या छोट्या घराला पंधरा-सोळा वर्षं नवे नवे भाग जोडले. म्हणून क्रॅगसाइड एका नजरेत मावत नाही. खालच्या लोखंडी पुलावरून बघितलं की ते कड्यावर चढत गेल्यासारखं दिसतं. कुठे दगडी भिंत, कुठे काळ्या लाकडाच्या पट्ट्या आणि मधे पांढरा गिलावा, उंच उंच धुराडी, टोकदार छपरं, एक मनोरा. मला ते सुंदर वाटलं असं म्हणता येणार नाही. पण त्याच्यात अडवून ठेवणारं काहीतरी आहे हे नक्की. भोवतालचा डोंगर आर्मस्ट्राँगने घर बांधायला घेतलं तेव्हा उघडाबोडका होता. त्यावर त्याने आणि त्याच्या बायकोने, मार्गारेटने, लाखो झाडं लावून घेतली. आता तिथे रान आहे. घराखालची खडकांची बाग बघताना विश्वास ठेवणं जड जातं की यातला बराचसा डोंगर माणसांनी रचलेला आहे.

पण मला रस होता पाण्यात. ओढे अडवून त्याने इस्टेटीवर तळी केली. टम्बल्टन तळ्याखाली पंपाचं घर आहे. तिथे ओढ्याच्याच पाण्याच्या जोरावर पंप चालायचा आणि पाणी घरावरच्या टेकडीवर चढवलं जायचं. पाणीच पाण्याला वर चढवायचं. वरून ते दाबाने घरात उतरायचं आणि तिथे कामं करायचं. 1886 मध्ये बर्नफुटला मोठं वीजघर झालं तेव्हा डोंगरमाथ्यावरच्या नेलीज मॉस तळ्यांचं पाणी 340 फूट खाली आणून त्यावर टर्बाइन फिरवलं गेलं. ही सगळी ठिकाणं अजून आहेत, पायी फिरून बघता येतात. संग्रहालय बघायला येणारे बहुतेक लोक घर बघून, चहा पिऊन परत जातात. मी म्हणेन की उलट करा. आधी पाण्यामागून चाला आणि मग घरात शिरा, म्हणजे घर कळतं.

घरात मी सगळ्यात जास्त वेळ काढला तो स्वयंपाकघरात. मोठी शेगडी, तिच्यासमोर मांस भाजायची आडवी सळई. ही सळई पाण्याच्या जोरावर फिरायची. अशा घरांत पूर्वी सळई फिरवायला माणूस लागायचा. बहुतेक वेळा एखादं पोर. आगीसमोर तासन् तास बसून फिरवत राहायचं, तोंड एका बाजूने भाजून निघायचं. काही घरांत तर चाकात कुत्रा घालून सळई फिरवत. इथे भिंतीतून आलेल्या नळीने ते काम केलं. मी ती दातेरी चाकं वाकून वाकून बघितली. त्यांच्या दात्यांच्या कडा झिजून गोलसर झाल्या होत्या, म्हणजे ती शोभेची नव्हती, खरोखर फिरली होती. शेजारी खालच्या मोरीतून, म्हणजे जिथे भांडी घासली जायची त्या खोलीतून, भांडी वरखाली नेणारा छोटा पाळणा आहे. पलीकडे माणसांची लिफ्ट आहे, तीही पाण्याच्या दाबावर चालणारी. झोपायच्या खोल्यांत शेगड्या होत्या आणि त्या शेगड्यांना कोळसा लागायचा. इंग्लंडमधल्या त्या काळच्या प्रत्येक मोठ्या घरात कोळशाच्या बादल्या मागच्या जिन्याने वर नेणं हे मोलकरणींचं कंबर मोडणारं काम होतं. क्रॅगसाइडला लिफ्टने त्यातला मोठा वाटा उचलला.

इथे दोरीपलीकडे खुर्ची टाकून एक वयस्क बाई बसल्या होत्या. नॅशनल ट्रस्ट, म्हणजे जुन्या वास्तू सांभाळणारी संस्था, तिच्या घरांमध्ये असे स्वयंसेवक असतात, बरेचसे निवृत्त. त्यांना विचारलं तर सांगतात, नाही विचारलं तर नुसतं हसतात. मी विचारलं, मोलकरणींना याचं काय वाटत असेल? त्या म्हणाल्या, त्यांचं लिहिलेलं फारसं काही आपल्या हातात नाही, पण मी असते तर रोज सकाळी त्या लिफ्टला नमस्कार केला असता. त्यांनी हात जोडून दाखवलेही, माझ्याकडे बघून. मला ते आवडलं.

तरी एक आहे. पाण्याने कोळसा वर नेला, पण राख खाली आणणं, भांडी घासणं, शेगड्या काळ्या रंगाने चोपडणं, पाहुण्यांच्या बिछान्याच्या चादरी बदलणं हे हातांनीच होत होतं. घर वाढत गेलं तशी कामंही वाढली असणार. यंत्राने एक काम हलकं केलं की मालकाची अपेक्षा दोन पायऱ्या वर चढते. आमच्याकडे मिक्सर आला तेव्हा आईला वाटलं होतं की आता वेळ मिळेल, आणि मिळाली ती रोज वेगळ्या चटणीची मागणी.

लायब्ररीच्या खाली तुर्की पद्धतीचं स्नानगृह आहे. वाफेची खोली, गरम पाण्याचं कुंड, गार पाण्याचं कुंड, शॉवर. निळ्या फरशांच्या त्या गार कुंडाजवळ सगळे फोटो काढतात. मी तिथे थांबले नाही. वरच्या घुबडांच्या नक्षीच्या पलंगाजवळही नाही. जेवणघरात मात्र थांबले.

जेवणघराच्या टोकाला भिंतीत खोल शिरलेला शेकोटीचा कोनाडा आहे, आत दोन्ही बाजूंना बसायला बाक. खिडक्यांना विल्यम मॉरिसच्या कारखान्यातली रंगीत काच. शेकोटीवर दगडात एक ओळ कोरलेली आहे, उत्तरेकडच्या बोलीत: पूर्वेला जा नाहीतर पश्चिमेला, आपल्या घरासारखं काही नाही. याच कोनाड्यात बसलेल्या आर्मस्ट्राँगचं एक चित्र आहे, हेन्री एमर्सन नावाच्या चित्रकाराने काढलेलं. पांढरी दाढी, हातात वर्तमानपत्र, पायाशी दोन कुत्री, डोक्यावर ती ओळ. कोणत्याही घरातले आजोबा जेवणाआधी बसतील तसे ते बसले आहेत.

आता हे आजोबा काय विकत होते ते सांगायला हवं. क्रायमियाच्या युद्धात, 1854 मध्ये, इंकरमनच्या लढाईत अवजड तोफा वेळेत जागेवर आणता आल्या नाहीत ही हकिगत आर्मस्ट्राँगने वाचली. पुढच्याच वर्षी त्याने वेगळी तोफ तयार केली. नळीत आतून आटे पाडलेले, गोळा मागच्या बाजूने भरायचा, वजनाला हलकी, नेम लांबचा आणि अचूक. तिचे हक्क त्याने सरकारला देऊन टाकले आणि 1859 मध्ये त्याला 'सर' ही पदवी मिळाली. 1860 मध्ये ही तोफ चीनमध्ये धडाडली, दुसऱ्या अफूयुद्धात, ताकूच्या किल्ल्यांवर. 1863 मध्ये जपानच्या कागोशिमावर. पुढे सरकारी करार तुटला तेव्हा एल्सविकच्या तोफा जगाला विकल्या जाऊ लागल्या. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्या दोन्ही पक्षांनी घेतल्या.

ताकूचं नाव वाचलं की मला मुंबई आठवते, आणि त्याला कारण आहे. चीनला जाणारी अफू दोन वाटांनी जायची. बंगालची कलकत्त्यातून, आणि माळव्याची मुंबई बंदरातून. मुंबईच्या कितीएक सुंदर वास्तूंच्या पायात त्या व्यापाराचा पैसा आहे. 1860 च्या त्या मोहिमेत मुंबई इलाख्यातल्या पलटणीही गेल्या होत्या. म्हणजे रॉथबरीच्या दरीतलं हे घर आणि आपला फोर्ट भाग यांची गाठ चीनच्या एका किल्ल्याच्या भिंतीपाशी पडते. हे मी तिथे उभ्या उभ्या भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, शाळेत आम्हाला अफूयुद्ध म्हणजे दोन ओळी होत्या."

आर्मस्ट्राँगला स्वतःला याचा त्रास झाला का? त्याची भूमिका साधारण अशी होती की शस्त्र बनवणं इंजिनिअरचं काम, ते न्यायाने वापरणं देशाचं. ही भूमिका मला पटत नाही. आजही ती तशीच्या तशी ऐकू येते, आणि आजही पटत नाही. पण तोच माणूस 1863 मध्ये न्यूकॅसलला भरलेल्या शास्त्रज्ञांच्या अधिवेशनात अध्यक्ष म्हणून उभा राहिला आणि म्हणाला की आपण कोळसा बेसुमार उधळतो आहोत, सुमारे दोनशे वर्षांत तो हाताशी राहणार नाही. कोळशाच्या राजधानीत, कोळशावर श्रीमंत झालेल्या माणसांसमोर. पुढे पाण्याच्या आणि सूर्याच्या शक्तीबद्दलही तो लिहीत राहिला. एका डोक्यात या दोन गोष्टी शेजारी शेजारी राहिल्या. त्या एकमेकींना रद्द करतात असं मला वाटत नाही. मी त्यांची बेरीजही करत नाही.

दिवाणखाना सगळ्यात शेवटी येतो आणि तो मुद्दाम शेवटी ठेवलेला आहे. 1884 च्या ऑगस्टमध्ये युवराज आणि युवराज्ञी राहायला येणार होते, म्हणून तो घाईने पुरा केला. छपरातून येणारा उजेड, लाल भिंती, आणि एका टोकाला इटालियन संगमरवराची दुमजली शेकोटी. वजन दहा टन असं सांगतात. ती डोंगराच्या खडकाला टेकून उभी आहे, म्हणूनच घराने तिचा भार पेलला. कोरीवकाम इतकं की डोळ्यांना उसंत नाही. लायब्ररी ज्याने मांडली त्याच्याच घरात ही शेकोटी आली, याचं मला वाईट वाटलं. लायब्ररी माणसाने आपल्यासाठी केली होती, दिवाणखाना गिऱ्हाइकांसाठी.

कारण इथे येणारे पाहुणे बरेचसे गिऱ्हाइकंच होते. इराणचा शाह आला, सयामचा राजा आला, जपानचे अधिकारी आले. 1896 मध्ये चीनचा मुत्सद्दी ली होंगझांग येऊन राहिला. ताकूच्या किल्ल्यांवर ज्याची तोफ डागली गेली त्याच्या घरी, 36 वर्षांनी, चीनचा सर्वांत वजनदार माणूस पाहुणा. मधल्या काळात चीनने आपल्या आरमारासाठी एल्सविकहून युद्धनौका घेतल्या होत्या. जपाननेही घेतल्या होत्या. 1894 मध्ये यालू नदीच्या मुखाशी दोन्ही आरमारं भिडली तेव्हा टाइनच्या काठी बांधलेली जहाजं दोन्हीकडे होती. त्यातली चीनची 'झियुआन' बुडाली, तिच्यावरच्या बहुतेक सगळ्या खलाशांसह. ही माणसं या दिवाणखान्यात बसून चहा पीत असतील, खिडकीतून झाडं बघत असतील, रात्री दिवे लागलेले बघून चकित होत असतील. दिवे हा या घराचा मोठा जाहिरातफलक होता. इथे पाणी, वीज, यंत्र सगळं ऐकतं, मग तोफही ऐकेल.

स्वयंपाकघरातल्या त्या बाई बाहेर पुन्हा भेटल्या, त्यांची पाळी संपली होती. मी एल्सविकचं नाव काढलं तर त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, माझे पणजोबा तिथे होते, फिटर. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या एकच गोष्ट सांगितली जाई, 1871 च्या संपाची. दिवसाला नऊ तास काम, एवढी मागणी. न्यूकॅसलच्या सगळ्या इंजिनिअरिंग कारखान्यांतले हजारो कामगार बाहेर पडले, मालकांच्या बाजूने आर्मस्ट्राँग पुढे. परदेशातून माणसं आणून कारखाने चालवायचा प्रयत्न झाला. मे महिन्यात सुरू झालेला संप ऑक्टोबरपर्यंत चालला आणि कामगार जिंकले. आठवड्याचे 54 तास ठरले. बाई म्हणाल्या, "पणजीने त्या पाच महिन्यांत लग्नातली भांडी विकली. पण नंतर पणजोबा रोज संध्याकाळी उजेडात घरी यायचे, हे ती सांगायची." त्याच वर्षांत इथे शॉ घराला नवे मजले चढवत होता.

ज्याला पोराने सळई फिरवणं पाहवलं नाही त्याला माणसाने नऊ तासांनंतर थांबणं का पाहवलं नाही, हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. तो माझ्याबरोबर गाडीत आला. मला वाटतं, त्याला कष्टांची कणव नव्हती, वाया जाण्याची चीड होती. वाया जाणारं पाणी, वाया जाणारा कोळसा, सळईपुढे वाया जाणारा हात. आणि कारखान्यातले तास त्याला वाया जाणाऱ्यांत मोजावेसे वाटले नाहीत, कारण ते त्याच्या हिशेबात पुरेपूर वापरले जात होते. माझी आई विहिरीवर घालवायची ते तासही कोणाच्याच वहीत कधी लिहिले गेले नाहीत.

आर्मस्ट्राँग 27 डिसेंबर 1900 ला याच घरात वारला, नव्वदाव्या वर्षी. मूलबाळ नव्हतं. घर बहिणीच्या नातवाकडे गेलं, चांगली चांगली चित्रं विकली गेली, 1945 मध्ये घराला बाहेरची वीज आली आणि ओढ्याचं काम थांबलं. 1977 मध्ये वारसाकराच्या बदल्यात घर नॅशनल ट्रस्टकडे आलं आणि 1979 पासून लोकांसाठी उघडलं. 2014 मध्ये टम्बल्टन तळ्यापाशी 17 मीटर लांबीचा लोखंडी मळसूत्री स्क्रू बसवला. आर्किमिडीजचा म्हणतात तो. मूळ उपयोग पाणी वर चढवण्याचा, इथे उलटा. वरून पाणी सोडायचं, त्याच्या वजनाने स्क्रू फिरतो आणि 12 किलोवॉट वीज मिळते. घरातले साडेतीनशे दिवे त्यावर लागू शकतात. तो संथ फिरत असतो आणि त्याच्या प्रत्येक कप्प्यातून पाणी पायरीपायरीने उतरतं. तिथे जवळच्या पाटीपाशी एक बाप आपल्या मुलीला हे समजावत होता, आणि ती मुलगी त्याला सारखी विचारत होती, पण पाणी संपत का नाही?

आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेला पाटण तालुक्यात कोयना आहे. तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पोफळीला पाडलं जातं. 1962 मध्ये तिथली पहिली वीज निघाली. अर्ध्या महाराष्ट्रात तिने दिवे लावले. आमच्या गावातही पहिला बल्ब लागला तो बहुधा त्याच विजेवर, आणि त्या उजेडात आई पहाटे घागर शोधायची. त्याच जिल्ह्यातलं पाणी डोंगर फोडून कोकणात उतरत होतं आणि आम्ही कोरड्या आडात वाकून बघत होतो. ज्यांची गावं कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेली त्यांतल्या कितीतरी कुटुंबांच्या पुनर्वसनाचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. पाण्याची वीज स्वच्छ असते, काहीही जळत नाही हे आर्मस्ट्राँगचं म्हणणं खरं आहे. पण खर्ची काही पडत नाही, हे खरं नाही. आर्मस्ट्राँगच्या डोंगरावर तळं करायला कोणाला उठवावं लागलं नसेल कदाचित. आमच्याकडे लागलं.

दुसऱ्या दिवशी भाची ड्यूटीवर होती. मी बस पकडून स्कॉट्सवुड रोडला गेले, एल्सविकला. शतकाच्या अखेरीला इथे वीस हजारांहून जास्त माणसं कामाला होती. नदीकाठी मैलभर पसरलेला कारखाना, पुढे त्याचे मालक बदलले, दोन्ही महायुद्धांत तो चालला आणि मग पाडला गेला. आता त्या जागी कचेऱ्या आहेत. काचेच्या, बुटक्या, एकसारख्या इमारती, गाड्या लावायची जागा, नीट कापलेलं गवत. नदीच्या कडेने पायवाट आहे, सायकलवाले जातात. एका माणसाला विचारलं, आर्मस्ट्राँगचा कारखाना नक्की कुठे होता? त्याने हात फिरवून सगळंच दाखवलं. म्हणाला, "इथून तिथपर्यंत."

क्रॅगसाइडमध्ये सळईची चाकं सांभाळली आहेत, फुलदाण्या सांभाळल्या आहेत, गालिचे झिजू नयेत म्हणून दोऱ्या बांधल्या आहेत, खिडक्यांवर ऊन अडवणारे पडदे आहेत, आणि ते सगळं सांभाळायलाच हवं. मला त्या घराबद्दल प्रेम वाटलं, ते लपवत नाही. पण त्या बाईंच्या पणजोबांची जागा कोणी राखली नाही. ते कुठल्या शेडमध्ये उभे राहत, कुठल्या फाटकातून संध्याकाळी बाहेर पडत, हे पणतीलाही दाखवता येणार नाही. मी त्या पायवाटेने शहराच्या दिशेने चालत गेले, थेट फिरत्या पुलापर्यंत. तोही एल्सविकचाच, लाल-पांढऱ्या रंगात रंगवलेला. एल्सविकला बांधलेल्या युद्धनौका त्याच्यातून समुद्राकडे जायच्या. पुलावर उभं राहून मी भाचीला फोन केला. तिला सांगितलं की पुढच्या सुट्टीला आपण पुन्हा क्रॅगसाइडला जाऊ, पण त्याआधी तू एकदा इथे ये, मी तुला चालत दाखवते कुठून कुठपर्यंत.